पाणी सोडण्यात आले

ती घटना आठवली की आजही माझं डोकं फिरतं, आणि ती आठवायला मला काही कष्ट पडत नाहीत. सकाळचं वर्तमानपत्र उघडलं की पुरे. ‘दोषींवर कठोर कारवाई करण्यात येईल.’ ‘प्रकरणाची चौकशी करण्यात येत आहे.’ ‘नागरिकांना सतर्क राहण्याचे आवाहन करण्यात आले आहे.’ कोण करणार, कोण करतंय, कुणी केलं, कशाचा पत्ता नाही. मी पेपर आपटतो. आमच्या घरी आता याची चेष्टा होते. परवा चहाला उशीर झाला म्हणून मी आवाज दिला, तर आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाल्या, ‘‘चहा ठेवण्यात आलेला आहे. उकळी येताच कळवण्यात येईल.’’

निवृत्त झाल्यावर मी बीडजवळ पालीला घर बांधलं. सकाळी धरणाच्या बाजूला फिरायला जातो. सोबतची मंडळी म्हणतात, साहेब, नोकरीतलं काहीतरी लिहा. त्यांना दरोडे, पाठलाग, गावठी कट्टे हवे असतात. तेही नोकरीत झालं, नाही असं नाही. पण मला आधी आठवते ती ओढ्यात बुडून मेलेल्या एका मेंढपाळाच्या बायकोची केस. नाव मी कुणाचंच देणार नाही. गावाचंही नाही. नांदूरघाटच्या बाजूचं एक गाव, एवढं समजलं तरी पुरे.

मी तेव्हा त्या भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. नारायणगडाच्या बंदोबस्ताला मला बोलावलं होतं. तो आटोपून सकाळी ठाण्यात आलो, तर ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर फरशीवर एक माणूस बसलेला. अंगावरच्या कपड्यांवर चिखलाचे डाग, पायाला गाळ वाळलेला. तिकडे कोपऱ्यात आमच्या महिला शिपाई एका लहान मुलीला चहात बिस्कीट बुडवून भरवत होत्या. पोर दीड-दोन वर्षांची असेल. तिच्याही केसांत गाळ.

‘‘हे काय?’’ मी विचारलं.

आमचे रायटर हवालदार उठून उभे राहिले. ठाण्यात सगळी लिखापढी सांभाळणारा माणूस म्हणजे रायटर. आमचे रायटर खात्यात मुरलेले, हुशार आणि आपल्या मराठीवर भलतेच खूश. म्हणाले, ‘‘सर, काल सकाळची घटना आहे. तलावाखालच्या ओढ्यात एक महिला मयत अवस्थेत मिळून आली. हा तिचा नवरा. प्रथम आकस्मिक मृत्यूची नोंद घेण्यात आली. त्यानंतर खात्रीशीर बातमी प्राप्त झाली की महिलेस ढकलून देण्यात आले. त्यावरून यास ताब्यात घेण्यात आले.’’

‘‘बातमी कुणी दिली?’’

‘‘प्राप्त झाली, सर.’’

‘‘कुणाकडून प्राप्त झाली?’’

‘‘ठाण्याच्या फोनवर.’’

‘‘फोननं दिली का बातमी?’’

मी खुर्चीत बसलो आणि म्हणालो, आणा कागद.

त्या कागदांची तऱ्हा काय सांगू! आजकाल जबाब संगणकावर टाइप होतात. रायटरांनी जुन्या केसमधली वाक्यं साठवून ठेवलेली होती, नवी केस आली की ती चिकटवायची. पंचनाम्यात लिहिलं होतं, ‘घटनास्थळी हातभट्टीच्या दारूचा उग्र वास येत असल्याचे दिसून आले.’ मी विचारलं, ओढ्याला पूर आलेला, दारूचा वास कुठून आला? आणि वास दिसला कसा? रायटरांनी कागद हातात घेतला, वाचला आणि म्हणाले, ‘‘ते मागल्या आठवड्यातल्या धाडीचं राहिलं, सर. डिलीट करण्यात येईल.’’

मी कपाळाला हात लावला. हसावं की रडावं कळेना.

बाकीचे कागद शिस्तीत वाचून काढले. तलाव सांभाळणाऱ्या शाखा अभियंत्यानं दिलेला खुलासा होता, ‘रब्बी हंगामासाठी नियमानुसार पाणी सोडण्यात आले. तत्पूर्वी पूर्वसूचना देण्यात आलेली होती.’ माजी सरपंचाचा जबाब होता, ‘तलावातून पाणी सोडण्यात आल्याचे समजले. महिला वाहून गेल्याचे समजल्यावर मदतकार्य करण्यात आले.’ गावातल्या आणखी तिघांचे जबाब शब्दाला शब्द तेच. आणि त्यानंतर एक परिच्छेद, ‘सदर मेंढपाळाने विनापरवाना ओढ्याच्या पात्रात मेंढरांचा वाडा टाकला. त्याने आदल्या दिवशी पत्नीशी भांडण केले. त्याने तिला मारहाण केली. त्याने तिला पाण्यात ढकलले असावे.’

मी ते पुन्हा वाचलं आणि माझ्या अंगाची आग झाली. एवढ्या सगळ्या कागदांत काही करणारा माणूस एकच होता, तो मेंढपाळ. गेट उघडलं गेलं, पाणी सोडलं गेलं, सूचना दिली गेली, मदत केली गेली, सगळं आपोआप. वाडा टाकला, भांडण केलं, मारलं, ढकललं, ते मात्र त्यानं. खात्यात इतकी वर्षं काढून मला एक कळलं होतं. वजनदार माणसाच्या हातून काही होतच नाही, ते होऊन जातं. गरिबाच्या बाबतीत मात्र आपल्या लेखणीला लगेच ‘त्याने’ आठवतं.

मी मेंढपाळाला समोर बसवलं. रायटर बाजूला उभे. माणूस तिशीचा, उन्हानं रापलेला. मी विचारलं, ‘‘काय झालं, सांग.’’

रायटर खेकसले, ‘‘साहेब इचारतेत ना? कावून बोलत न्हाईस बे?’’

तेव्हा तो खाली बघत म्हणाला, ‘‘मीच मारलं तिला, सायेब. लिवा.’’

रायटरांचा चेहरा फुलला. ‘‘कबुली, सर!’’

‘‘कसं मारलं?’’ मी विचारलं.

तो भिंतीकडे तोंड करून बसला. मी पुष्कळ गुन्हेगार बघितले आहेत. गुन्हा केलेला माणूस आधी नाही म्हणतो, मग दुसऱ्याचं नाव घेतो, मग दारूचं नाव घेतो आणि अगदी शेवटी, नाइलाज झाला की स्वतःचं. पहिल्याच वाक्यात ‘मीच’ म्हणणारा माणूस एकतर गुन्ह्याचा अभिमान असलेला असतो, नाहीतर शोकानं वेडा झालेला. याला अभिमान कशाचा असणार!

शवविच्छेदनाचा प्राथमिक अहवाल आला होता. मृत्यू बुडून. मनगटावर मात्र बोटांचे वळ होते, कुणीतरी घट्ट धरल्याचे. तेवढ्यात वरिष्ठांचा फोन आला. ‘‘वळ आहेत, कबुली आहे, आणखी काय पाहिजे? खुनाचा गुन्हा दाखल करा आणि उद्या कोर्टात हजर करा. मेंढपाळ लोक आहेत, आज इथे तर उद्या कुठे, नंतर सापडायचा नाही.’’ मी म्हणालो, आजचा दिवस द्या. ते म्हणाले, आजचाच देतो.

कोपऱ्यातली मुलगी आता बापाकडे हात करत होती. बाप तिच्याकडे बघत नव्हता. वाड्यावरचे बाकीचे लोक पाण्यानं पांगलेली मेंढरं शोधत शिवारात फिरत होते, त्यामुळे तिला न्यायलाही कुणी नव्हतं. बाप आत गेला तर ही पोर कुणाच्या दारात जाणार, हा प्रश्न माझ्यासमोर बिस्कीट खात बसला होता.

मी जीप काढली आणि तलावावर गेलो.

तलाव मध्यम, मातीचा बांध. बांधावर पाणी सोडायचं लोखंडी गेट. त्याला मोटारीच्या स्टिअरिंगसारखं पण चांगलं मोठं चाक, आणि ते फिरवायला एक वेगळा दांडा लागतो. दांडा नसेल तर चाक हलत नाही. बांधावरून खालचा ओढा नजरेत येतो. मेंढपाळांच्या वाड्याची जागा, तिथल्या चुलीचे दगड, गाळात अडकलेली वाघूर, म्हणजे मेंढरांभोवती लावतात ती जाळी, सगळं मला वरून स्वच्छ दिसत होतं. चाकाजवळ उभ्या असलेल्या माणसाला खाली वाडा आहे हे दिसलं नाही, असं होणं शक्यच नव्हतं.

चाकाला हळद-कुंकू होतं. खाली झेंडूची फुलं आणि नारळाच्या करवंटीचे तुकडे. पंचनाम्यात यासाठी काय लिहिलं होतं? ‘इतर किरकोळ साहित्य मिळून आले.’

शाखा अभियंता आला. तरुण, इस्त्रीचा शर्ट.

‘‘गेट कुणी उघडलं?’’

‘‘ते शेड्यूलप्रमाणे उघडण्यात आलं, सर.’’

‘‘तुम्ही उघडलंत?’’

‘‘नाही, म्हणजे उद्घाटन आज, गुरुवारी, ठरलेलं होतं. पाहुणे येणार होते. पण काल, बुधवारीच पाणी सोडलं गेलं.’’

‘‘दांडा कुणाकडे असतो?’’

‘‘दांडा सुरक्षित ठिकाणी ठेवण्यात येतो.’’

‘‘आणि ओढ्यातल्या लोकांना सावध कुणी केलं?’’

‘‘पूर्वसूचना देण्यात यावी, असं पत्र ग्रामपंचायतीला देण्यात आलं होतं.’’

ग्रामपंचायतीत जाऊन चौकशी केली. पत्रावर शेरा होता, ‘दवंडी देण्यात यावी.’ कुणी द्यावी ते लिहिलेलं नव्हतं, म्हणून कुणीच दिली नाही. ज्यानं शेरा मारला त्याला वाटलं शिपाई देईल. शिपायाला वाटलं तलावाची माणसं देतील. आणि मुळात जी काय द्यायची ती गुरुवारसाठी होती. हुकूम असा लिहिला की तो सगळ्यांना असतो आणि कुणालाच नसतो, हे त्या दिवशी मला कळलं असं नाही. पण त्याचा परिणाम शवागारात पडलेला मी पहिल्यांदा बघत होतो.

पारावर गाव जमलं. मी एकेकाला विचारलं, ‘‘गेट कुणी उघडलं?’’

‘‘उघडलं गेलं, साहेब.’’

‘‘तुम्ही होता का तिथं?’’

‘‘न्हाई बा. आमी शेताला गेलतो.’’

सगळं गाव एकाच वेळी शेताला गेलेलं. आणि बोलणं बघा, चार इयत्ता शिकलेली माणसंही ठाण्याची मराठी बोलायला लागलेली, ‘करण्यात आलं’, ‘निदर्शनास आलं’. ही भाषा त्यांना कुणी शिकवली? आम्हीच. वर्षानुवर्षं आम्ही त्यांचे जबाब असे लिहीत आलो आणि वाचून दाखवत आलो. नाव न घेता बोलायची सोय काय असते, ते त्यांना आमच्याकडूनच समजलं. माझी चिडचिड होत होती आणि ती काढायला जागा नव्हती.

दुपार कलायला लागली तसा मी परत निघालो. पण चाकाखालची ती करवंटी मनातून जात नव्हती. आपल्याकडे गुन्ह्याची जबाबदारी कुणी घेत नाही, पण मानाचं तसं नाही. मानाचा विषय निघाला की मुकी माणसं बोलतात. पालखीपुढं कुणी चालायचं, पहिला टिळा कुणाला, यावरून सख्खे भाऊ एकमेकांची डोकी फोडताना मी बंदोबस्तात पाहिले आहेत. मी जीप थांबवली, वळवली आणि गावातल्या किराणा दुकानासमोर उभी केली.

दुकानदार आप्पा म्हणजे गावातलं जुनं घराणं. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, तोलूनमापून बोलणं. सकाळी पारावर त्यांनीही मला ‘पाणी सोडलं गेलं’ एवढंच ऐकवलं होतं. मी पाणी मागितलं, बाकावर बसलो आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘‘आप्पा, तलावावर नारळ झक्क फोडलेला दिसतोय. कुणाचा मान असतो हो?’’

आप्पांच्या हातातलं माप तसंच राहिलं.

‘‘मान कुणाचा? मान आमचा! तलावात आमच्या आज्याची जमीन गेलेली हाय. पाणी सुटायच्या आधी नारळ आमच्या घरचा, हे ठरलेलं हाय. माझ्या बापानं फोडला, मी फोडीत आलो. अन ह्या साली त्यो उपटसुंभ, निवडणूक आली म्हनून, कुनाला न सांगता सकाळीच गेला अन आपल्या हातानं फोडून मोकळा झाला!’’

‘‘कोण?’’

‘‘कोन म्हंजे? माजी सरपंच! दुसरं कोन हाय इतकं निलाजरं?’’

‘‘आणि चाक?’’

‘‘चाक बी त्यानंच फिरवलं की. दांडा त्याच्याच घरी असतो. इंजिनेर कावून येतोय दर टायमाला, त्यानं देऊन टाकलाय त्याच्याकडं.’’

मी शांतपणे विचारलं, ‘‘आप्पा, सकाळी मी पारावर विचारलं तेव्हा हे का नाही सांगितलं?’’

आप्पांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच मूर्ख आहे. ‘‘तवा तुमी पाणी कुनी सोडलं ते इचारलं, साहेब. बाई मेलेली. त्यात कोन पडतंय? नारळाचं तुमी इचारलंच न्हाई.’’

मला त्या क्षणी ओरडावंसं वाटलं. एक बाई मेली, तिचा नवरा खुनात अडकतोय, त्याची पोर ठाण्यात बसलीय, आणि या सज्जन माणसाच्या पोटात दुखत होतं ते नारळाचं! पण पोलिसाला राग गिळता आला पाहिजे. मी पाण्याचा घोट घेतला. तेवढ्यात आप्पांनी आपण होऊन मोबाइल काढला. माजी सरपंचानं नारळ फोडतानाचा व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर टाकला होता आणि बाई सापडल्यावर लगेच काढून टाकला. आप्पांनी तो आधीच उतरवून ठेवलेला. कशासाठी? तर गुरुवारी पाहुणे आले की त्यांना दाखवून मानाची तक्रार करायची होती.

मी तो बघितला. माजी सरपंच नारळ फोडतो. टाळ्या पडतात. तो दांडा अडकवतो, चाक फिरवायला लागतो. कुणाचा तरी आवाज येतो, ‘‘दादा, खाली मेंढरं बसल्यात की.’’ आणि चाक फिरवता फिरवता, कॅमेऱ्याकडे बघून हसत, माजी सरपंच म्हणतो, ‘‘उठत्याल की. पाणी आलं का उठत्याल.’’

तो व्हिडिओ मी दोनदा बघितला नाही. आप्पांचा मोबाइल पंचांसमक्ष जप्त केला, माजी सरपंचाला जीपमध्ये घातलं आणि अभियंत्याला ठाण्यात बोलावून घेतलं. निनावी फोनचा नंबर सायबर शाखेनं संध्याकाळपर्यंत काढून दिला. तो माजी सरपंचाच्या पुतण्याचा निघाला. खात्रीशीर बातमी अशी प्राप्त झाली होती.

माजी सरपंचाची चौकशी मी स्वतः केली. व्हिडिओ अजून दाखवला नव्हता. म्हणालो, काल सकाळचं सांगा.

‘‘गावाच्या हिताचा निर्णय घेण्यात आला, साहेब. पिकं वाळायला लागलती.’’

‘‘कुणी घेतला?’’

‘‘सर्वानुमते.’’

‘‘सर्व कोण?’’

‘‘गाव.’’

‘‘असं करा,’’ मी म्हणालो, ‘‘प्रत्येक वाक्य ‘मी’ म्हणून सुरू करा. म्हणा, मी सकाळी उठलो.’’

‘‘मी सकाळी उठलो.’’

‘‘पुढं?’’

‘‘मी चहा घेतला.’’

‘‘छान. पुढं?’’

‘‘मंग... तलावावर जाण्यात आलं.’’

‘‘उठलात तुम्ही, चहा घेतलात तुम्ही, आणि तलावावर कोण गेलं? चहा गेला?’’

दारात उभा असलेला शिपाई तोंड फिरवून हसला. माजी सरपंचाच्या कपाळावर घाम आला. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मी उठलो, मी चहा घेतला, आणि पुन्हा तिथंच येऊन गाडी अडली. खोटं बोलायला तो अजिबात घाबरत नव्हता. पण ‘मी चाक फिरवलं’ एवढे तीन शब्द त्याच्या तोंडातून बाहेर पडेनात. शेवटी मी मोबाइल त्याच्यापुढे ठेवला. ‘उठत्याल की’ हे स्वतःचे शब्द ऐकले तेव्हा तो खुर्चीत मागे रेलला आणि म्हणाला, ‘‘चूक झाली, साहेब.’’ तेव्हाही झालीच, केली नाही.

त्यानंतर मी मेंढपाळाला पुन्हा बोलावलं. या वेळी मुलीला त्याच्या मांडीवर दिलं. म्हणालो, ‘‘गेट कुणी उघडलं ते कळलंय. तुझं आता सांग. मारलं म्हणालास, कसं मारलं?’’

मुलीनं त्याच्या शर्टाची गुंडी धरली. मग तो सांगायला लागला.

‘‘पानी एकदम आलं, सायेब. मेंढरं वर काढीस्तोवर छातीवर आलं. एका काखंत ही व्हती. दुसऱ्या हातात घरचीचा हात. लई घट्ट धरलता. पन ही निसटाया लागली. हिला धराया दुसरा हात लागला. मंग मी तिचा हात सोडला.’’

मनगटावरचे वळ कसले होते ते मला कळलं. आमचे रायटर संगणकापुढे बसले होते. ते कधी नव्हे इतक्या हळू आवाजात म्हणाले, ‘‘सर, ‘सदर महिलेचा हात सुटला’ असं लिहू का?’’ त्यांच्या मनात दया होती, ते मला दिसलं. शिवाय ते अनुभवी होते. उद्या आरोपीचा वकील या वाक्यावर उड्या मारणार, हे त्यांना ठाऊक होतं.

मेंढपाळ म्हणाला, ‘‘सुटला न्हाई. मी सोडला.’’

‘‘अरे, पाण्याच्या जोरानं सुटलाच म्हणायचा तो,’’ रायटर म्हणाले.

‘‘मी सोडला. ती म्हनली, सोडा, पोरीला धरा. मंग सोडला.’’ आणि लगेच मान हलवत म्हणाला, ‘‘पन ती म्हनली ते नगा लिवू. लोक म्हनत्याल, मेलेल्या बायकूवर ढकलतोय.’’

मी डोळे पुसले ते कुणी बघितलं असेल तर बघू दे. दिवसभर मी एका अख्ख्या गावाकडून, एका सरकारी अभियंत्याकडून, एका पुढाऱ्याकडून ‘मी केलं’ एवढे शब्द बाहेर काढायला धडपडत होतो. आणि ज्यानं काही केलं नव्हतं, तो माणूस सगळं स्वतःवर घेऊन बसला होता. मी त्याला म्हणालो, ‘‘ती जे म्हणाली ते तिचं आहे. ते गाळायचा अधिकार तुला नाही आणि मला तर नाहीच.’’ रायटरना सांगितलं, तो बोलतोय तसंच लिहा, एक शब्द इकडचा तिकडे नको. जबाब त्याला वाचून दाखवला. त्यानं ऐकला आणि अंगठा दिला.

त्याला सोडलं. तो मुलीला काखेत घेऊन आपल्या माणसांकडे गेला.

दोषारोपपत्र मी स्वतः लिहिलं. ‘माजी सरपंचाने खाली वाडा असल्याचे सांगितले जात असतानाही चाक फिरवले. शाखा अभियंत्याने दांडा स्वतःच्या ताब्यात ठेवला नाही, तो माजी सरपंचाला दिला. पोलीस हवालदाराने निनावी फोनची खातरजमा केली नाही.’ हे शेवटचं वाचून रायटर चार दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. वरिष्ठांनी फाइल माझ्यापुढे सरकवली. ‘‘ही काय भाषा आहे? शाळकरी पोरानं निबंध लिहिल्यासारखी. जरा खात्याच्या पद्धतीनं लिहा.’’ मी म्हणालो, साहेब, खात्याच्या पद्धतीनं लिहिलं असतं तर आज आतमध्ये मेंढपाळ असता. ते रागावले, पण सही केली.

या प्रकरणानं मला काय शिकवलं असं कुणी विचारलं, तर सरळ सांगतो. ‘करण्यात आले’ हे वाक्य दरवेळी वाईटच असतं असं माझं म्हणणं नाही. चोर कोण हे माहीतच नसेल तर ‘घर फोडण्यात आले’ असंच लिहावं लागतं, आणि ते प्रामाणिक असतं. पण करणारा माहीत असताना जो माणूस तसं लिहितो, तो कुणाला तरी वाचवत असतो, आणि बहुतेक वेळा तो कुणी गरीब माणूस नसतो. आमच्या खात्यात, महसुलात, पाटबंधाऱ्यात, शाळा-दवाखान्यात रोज हजारो कागद असे लिहिले जातात. लिहिणाऱ्याला वाटतं आपण भारदस्त लिहिलं. पुढे बदलून गेलो त्या प्रत्येक ठाण्यात मी रायटरला पहिल्या दिवशी एकच सांगायचो, प्रत्येक वाक्याला ‘कोणी?’ असं विचार, आणि उत्तर माहीत असेल तर ते लिही. निम्मे जण ‘हो सर’ म्हणायचे आणि संध्याकाळी डायरीत लिहायचे, ‘सर्वांना सूचना देण्यात आल्या.’ मी ओरडून ओरडून थकलो, तेवढ्यात निवृत्त झालो.

खटला काही वर्षं चालला. मेंढपाळ साक्षीला आला तेव्हा मीही कोर्टात होतो. वळपाची, म्हणजे मेंढरं घेऊन फिरायची नेहमीची वाट सोडून, कुठल्यातरी लांबच्या शिवारातून एस.टी.नं तो आला होता. सोबत मुलगी, आता फ्रॉक घातलेली, बाहेर बाकावर बसलेली. आरोपीच्या वकिलानं तेच केलं, जे आमच्या रायटरांनी तेव्हाच ओळखलं होतं. तो जबाब हातात नाचवत पुढं आला.

‘‘तुमच्या पत्नीचा हात तुमच्या हातात होता, बरोबर?’’

‘‘व्हय.’’

‘‘तो हात सुटला नाही. तुम्ही सोडला. स्वतःच्या हातानं. बरोबर?’’

‘‘व्हय. मी सोडला.’’

वकिलानं न्यायाधीशांकडे वळून बघितलं आणि तो खाली बसायला लागला. मेंढपाळ मात्र साक्षीच्या कठड्यावरून उतरला नाही. त्यानं आरोपींच्या बाजूला हात केला.

‘‘मी काय सोडलं ते मी सांगितलं, सायेब. आता पानी कुनी सोडलं, ते त्यास्नी सांगू द्या.’’